शंभर गऱ्यांचा चारा

मे महिन्यात गांडुळं खाली जातात. हातभर खणा, मांडीएवढं खणा, माती पापडासारखी निघते आणि आत काहीच नाही. पावसाळ्यात हीच गांडुळं न बोलावता अंगणात येतात, चपलेखाली येतात, कोंबड्याही त्यांच्याकडे बघत नाहीत. पण दोर टाकायचा हंगाम नेमका उन्हाळ्याचा. नदी आटून डोहापुरती उरते, सगळी मच्छी त्या डोहात गोळा होते. बाबांच्या मच्छी धरायच्या दोराला शंभर गऱ्या, म्हणजे गळ, आहेत. गरीला चारा नसला की तो दोर आणि कपडे वाळवायची दोरी सारखीच.

आधी हातपंपाजवळच्या चिखलात लागतील तेवढी गांडुळं सापडायची. मागच्या दिवाळीत ग्रामपंचायतीनं तिथं सिमेंटची नाली बांधली. उद्घाटनाला स्वागतगीत मीच म्हटलं होतं, अगदी वरच्या पट्टीत. तेव्हा कुणाला सुचलं नाही की नालीखाली आमचा चाराही गेला.

मग आई-बाबा रोज दुपारी नदीकाठच्या जांभळीखाली खणायला जायचे. बाबा लोखंडी सब्बल मारायचे, आई ढेकळं हातानं फोडायची. दोन तासांत तीस-चाळीस गांडुळं. बाबांचं नाव लटारू, वय पन्नाससुद्धा नाही, पण सब्बल खाली ठेवल्यावर सरळ व्हायला त्यांना शंभर आकडे मोजण्याएवढा वेळ लागायचा. आईची, बायनाबाईची, नखं मुळापर्यंत झिजली होती. भाकरी थापताना ती बोटं उंच धरायची, पिठाचं मीठ लागू नये म्हणून.

एक दिवस तीच म्हणाली, "जा व संघप्रिया, अंकुशच्या दुकानातून चारा आन. माहे हात आता चालत नाई."

अंकुशदादाचं दुकान बसथांब्याजवळ. तो तालुक्याहून डबे आणायचा. पांढरा प्लास्टिकचा डबा, झाकणाला भोकं, आत काळी भुसभुशीत माती आणि बारीक लाल गांडुळं. कोल्ड्रिंकच्या फ्रीजमध्ये, आंब्याच्या बाटल्यांच्या मधे ते डबे ठेवलेले असायचे. चाळीस रुपयांना एक. साठ गांडुळं म्हणायचा, पन्नास निघायची, त्यातली काही मेलेली. शंभर गऱ्यांना दोन डबे. कधी दोराला मच्छी लागली ती दोनशेची, कधी तीही नाही. पण चारा ऐंशीचा ठरलेला.

सोय मात्र होती, खोटं कशाला बोलू? गेलं, पैसे दिले, आणलं. बाबा त्या वेळात दोराच्या गाठी बघू शकायचे. आई दुपारी अर्धा तास पाठ टेकायची.

एवढंच, की अंकुशदादा पैसे आधी घ्यायचा आणि झाकण माझ्याकडून उघडवायचा. बाकड्यावर बसलेली पोरं वाकून बघायची.

"मोजून घे संघप्रिया," तो म्हणायचा. "नाई तं घरी जाऊन म्हनशील, अंकुशदादानंच खाल्ले."

पोरं हसायची. मी बोटानं एकेक गांडूळ बाजूला करत मोजायची. माझे कान तापायचे, पण मी मोजायची सोडत नव्हते.

बाबांना ती गांडुळं पसंत नव्हती. गरीत ओवताना मधेच तुटायची. "शहरचे आहेत," ते म्हणायचे, "कामाले नाजूक." पण ओवायचे. दुसरं काय ओवणार?

बाबांच्या डोक्यात जाळं होतं. आमचं जुनं जाळं दोन वर्षांआधीच्या पुरात गेलं होतं. मूल गावच्या बाजारात एका दुकानात नायलॉनचं हिरवं जाळं टांगलेलं आहे. बाबा दोनदा त्याला हात लावून आले होते. दुकानदारानं तिसऱ्यांदा विचारलं तर काय सांगायचं, म्हणून मग त्या गल्लीनं जात नव्हते.

"जाळ्याले चारा लागत नाई," बाबा म्हणायचे. जेवताना, दोर गुंडाळताना, असंच मधे. "फेकलं का झालं."

त्या जाळ्यासाठी आम्ही मच्छी साठवत होतो. अंगणात, मांडवाखाली, बाबांनी विहिरीची जुनी सिमेंटची रिंग गाडली होती. कमरेएवढी खोल. जमिनीलगत तिला एक भोक, जास्तीचं पाणी बाहेर पडायला. वर ओलं गोणपाट. दोराला लागलेली बारीक मच्छी आई रस्त्यावर विकायची आणि मोठी मरळ, मागूर, शिंगी त्या रिंगीत सोडायची. मी रोज हातपंपावरून सहा बादल्या पाणी आणून बदलायची. तीन आठवड्यांत वीस-बावीस किलो झाली असेल. रात्री अंगणात झोपलं की आत त्यांचं चुळबुळणं ऐकू यायचं.

गिऱ्हाईक ठरलं होतं. सोमाजीभाऊ तेंदूपत्त्याच्या फळीचा, म्हणजे पानं गोळा करायच्या ठिकाणाचा, ठेकेदार. फळी संपली की तो मजुरांना जेवण देतो. या रविवारी होतं.

"सगळी घेतो लटारू," तो म्हणाला होता, "पन जिवंत पाहिजे. डोळ्यासमोर उडली पाहिजे. मेलेली मच्छी मी माह्या मानसाईले चारत नाई."

म्हणजे रविवारी मच्छी जाणार, सोमवारी बाबा मूलला जाणार आणि मंगळवारपासून आमचा चारा सुटणार. मी भिंतीवर खडूनं रेघा मारल्या होत्या. पाच उरल्या होत्या.

बुधवारी सीताबाई आली. ती नाल्यापलीकडच्या पाड्यातली. मोहाच्या बिया, म्हणजे टोरी, त्यांचं तेल काढून गावात विकते. त्या दिवशी तिच्या टोपल्यात तेल काढून उरलेली ढेपही होती, काळी, खापरासारखी.

"हे कायले?" मी विचारलं.

"आंग धुवाले, कपडे धुवाले. साबनासारखा फेस येते. आन कोंबड्याईले बी."

"कोंबड्या ढेप खातात?"

"ढेप नाई व. ढेपेचं पानी ओल्या जाग्यावर टाकलं का गांडुळं आपोआप वरतं येतात. कोंबड्याईची पंगत!" तिनं हात हलवून गांडुळं कशी बाहेर येतात ते दाखवलं.

मी उडालेच. खणायचं नाही, फ्रीजमधला डबा नाही, झाकण उघडून मोजायचं नाही! घरात होते ते दोन पायली तांदूळ मी आईला न विचारता तिला दिले आणि टोपल्यातली सगळी ढेप ठेवून घेतली. सीताबाई म्हणाली, "एवढी कायले?" मी म्हटलं, "पाहाच तुम्ही." ती डोक्यावर टोपलं ठेवून हसत गेली.

गुरुवारी दुपारी आई-बाबा लाकडं आणायला गेले होते. ढेप मी सकाळपासून भिजवली होती. आता ओली जागा हवी होती. सगळं गाव भाजलेलं, ओली जागा एकच, रिंगीभोवतीची. तीन आठवडे माझ्याच बादल्या सांडून ती माती काळी, मऊ झाली होती. तिथं गांडुळं आहेत हे मला ठाऊक होतं. बाबांनाही ठाऊक होतं. पण बाबांनी बजावलं होतं, "रिंगीजवळ कुदळ लावाची नाई. रिंग सरकली तं सारं गेलं."

मी कुदळ लावणार नव्हते. मी फक्त पाणी टाकणार होते.

पहिली बादली ओतली. फेस आला, पांढरा, बोटभर. काही झालं नाही. दुसरी ओतली, तिसरी ओतली. आणि मग माती हलायला लागली. आधी एक डोकं, मग चार, मग सगळीकडून. लांब, जाड, आमची गावची गांडुळं. दोन महिने जी आई-बाबांना खणूनही पुरेशी सापडत नव्हती ती अंग वळवत वर येत होती. मी एकटीच ओरडत होते. एका हातानं वेचून घमेल्यात टाकत होते, दुसऱ्या हातानं बादली ओतत होते. पाचवी, सहावी. रिंगीभोवती पाण्याचं तळं झालं. ते झपाट्यानं खाली गेलं. तापलेल्या मातीनं ते पिऊन टाकलं असं मला वाटलं. उरलेला फेस मी पायानं लोटला.

गांडुळं साध्या पाण्यात धुतली. घमेल्याचा तळ दिसत नव्हता.

बाबा आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर मोळी होती. ती उतरवायचीही ते विसरले.

"कुठी खनलं?"

"खनलं नाई. रिंगीजवळ ढेपेचं पानी टाकलं, वरतं आले. गांडूळ कातडीनं श्वास घेते बाबा. कातडीले जळजळ झाली का बाहेर येते. विज्ञानात आहे आम्हाले." हे शेवटचं अर्धं खरं होतं. कातडीचं विज्ञानात होतं. जळजळीचं मी जोडलं.

बाबांनी एक उचलून तळहातावर घेतलं. "जरासे सुस्त आहेत."

"ऊन लागलं त्याईले."

"जाडे आहेत पन." त्यांनी आईकडं बघितलं. "पाह्य बायना. आपन मेलो खनून खनून. पोट्टीनं एका बादलीत काम केलं."

आई घमेल्याशी बसली. तांदळाचं मी तेव्हाच सांगून टाकलं. ती रागावली नाही. आपल्या दोन्ही हातांची बोटं तिनं मांडीवर पसरून ठेवली. मग म्हणाली, "उद्या बी होते का असं?"

"रोज होते."

बाबांनी दोर काढला. शंभर गऱ्या आम्ही तिघांनी ओवल्या, कधी नव्हे ते बोलत-हसत. गांडुळं उरली. पाच वाजता ते दोघं डोहाकडं निघाले आणि मी मुद्दाम बसथांब्यावरून फिरून आले.

अंकुशदादानं फ्रीज उघडला. "दोन ना?"

"नाई," मी म्हटलं. बाकडं भरलेलं होतं, आवाज मी मोठाच ठेवला. "आता नाई लागत. घमेलंभर काढले मी घरी. पाहिजे तं तुम्हाले देतो, मोजून."

बाकडं हसलं. या वेळी त्याला हसलं. घरापर्यंत माझे पाय जमिनीला लागले नाहीत. बाबा दोराच्या राखणीला डोहावरच राहिले. अंधार पडताना आई परत आली, भात खाल्ला आणि हात न धुताच आडवी झाली. गोणपाट कुणी उचललं नाही.

शुक्रवारी उजाडताच मी डोहावर गेले. बाबा कमरेएवढ्या पाण्यातून दोर ओढत होते. त्या दिवशी दोर जड होता. सात लागली होती, त्यात दोन मरळ हातभर लांब. बाबांचे हात पाण्यानं सुरकुतले होते आणि ते हसत होते. बादलीत पाणी घेऊन आम्ही ती जिवंत घरी आणली. मधे बादलीची कडी आम्ही दोघांनी धरली.

"आता सोमाजीभाऊ का म्हनते पाहू," बाबा म्हणाले आणि त्यांनी गोणपाट उचललं.

सगळी वर आली होती. पोटं वर करून, एकाला एक लागून, खालचं पाणी दिसत नव्हतं. मरळींचे जबडे उघडे. कडेला एक मागूर अजून मिशा हलवत होती. आम्ही बघत असताना तीही थांबली. भोकाच्या आतल्या अंगाला फेसाची रेघ सुकून चिकटली होती.

बाबांनी बादली खाली ठेवली. ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला. भोकात बोट घातलं, बाहेर काढून बघितलं.

"किती बादल्या टाकल्या?"

"सहा."

"भोकापरेंत पानी चढलं होतं?"

मी होकाराची मान हलवली. 

आई चुलीजवळून आली. तिनं आत बघितलं आणि तिथंच मातीत बसली. तिचा हात माझ्या पायाशी आला. मला वाटलं मारेल. तिनं नुसता माझा घोटा धरला, घट्ट, आणि धरूनच ठेवला.

"मेल्याले चार तास बी झाले नसन," शेवटी बाबा म्हणाले. "मी सोमाजीभाऊले दाखवून येतो. चाल, दुसरी बादली धर."

मला यायचं नव्हतं. मी गेले. बादलीत वर चांगल्या चार मरळी ठेवल्या होत्या.

सोमाजीभाऊ ओसरीवर मजुरांची कार्डं बघत होता. बाबांनी सगळं खरं सांगितलं, एवढंच केलं की माझं नाव घेतलं नाही. "आमच्या हातून ढेपेचं पानी गेलं," म्हणाले. सोमाजीभाऊनं एक मरळ बोटानं दाबली, कल्ला उघडून बघितला.

"ताजी दिसते," तो म्हणाला. "पन लटारू, चाळीस मानूस जेवनार. एखाद्याचं पोट दुखलं तं मी का सांगू? औषध घातलेली मच्छी चारली म्हनू?"

"औषध नाई भाऊ. टोरीची ढेप आहे."

"तू म्हनतं ना."

बाबा म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." असं म्हणताना ते वाकले होते, सब्बल मारून उठताना वाकतात तसे. सोमाजीभाऊनं आम्हाला चहा दिला. तो वाईट माणूस नाही. कोंबड्या आणतो आता, म्हणाला. पुढच्या वर्षी पाहू. अंगणात बसलेल्या बाया आमच्या बादलीकडं बघत होत्या. माझा चहा संपत नव्हता. बाबांनी माझ्या हातातून कप घेऊन पिऊन टाकला.

येताना बसथांबा लागला. बाकड्यावर सकाळचं कुणी नव्हतं. गाव लहान आहे, अंकुशदादाला कळलं होतं. त्यानं थट्टा केली असती तर बरं झालं असतं.

"लटारूभाऊ," तो म्हणाला, "दोन डबे ठेवले आहेत बाजूले. पैसे संध्याकाळी दिले तरी चालते."

बाबांनी हात वर केला, हो म्हणून की नको म्हणून ते कळलं नाही, आणि आम्ही चालत राहिलो.

घरी सीताबाई आलेली होती. आईनं सांगितलेलं ऐकून ती आधी हसली, मग रिंगीत बघून तिचं हसणं गेलं.

"हे बी सांगा लागते का व?" ती मला म्हणाली. "ढेप टाकूनच तं आम्ही नाल्यातली मच्छी धरतो. आमच्याकडं रांगत्या लेकराले बी मालूम असते."

"मले नव्हतं मालूम," मी म्हटलं.

"मी म्हटलं कोंबड्याईले पाहिजे." ती डोक्याला हात लावून उभी राहिली. मग तिनं चार मागुरी निवडून पदरात बांधल्या. "खा तुम्ही. मी नेतो ना, मी खातो. काई होत नाई." दाराबाहेर जाऊन ती परत आली आणि माझे तांदूळ, उरलेले पायलीभर, तिनं ओट्यावर ठेवले.

आईनं मच्छी घेऊन गावात चक्कर मारली. सकाळची सात बादलीत उडत होती, ती खपली. रिंगीतली कुणी घेईना. एका घरी फुकट देते म्हणाली, त्यांनीही दार लोटलं. दुपारी आईनं दोन मरळी शिजवल्या. मोठी मरळ आमच्या घरात पहिल्यांदा शिजली. ती नेहमी विकायचीच असते. चव चांगली होती, म्हणून मी दुसऱ्यांदा घेतली नाही.

बाकीची आई मीठ लावून मांडवावर टाकायला लागली. मीठ निम्म्यातच संपलं. माश्या घोंगावायला लागल्या. मी पुठ्ठ्यानं वारत होते.

चारच्या सुमाराला बाबा उठले. त्यांनी खुंटीवरचा दोर काढून अंगणात पसरवला. मला वाटलं, आता अंकुशदादाकडं धाडतील. मी ओढणी घेतली, चपला घातल्या.

"कुठी जातं?" बाबा म्हणाले. "बस इथी."

त्यांनी विळा आणला, पाटा आणला आणि मीठ न लागलेली मच्छी ओढून जवळ घेतली. सगळ्यात वर एक मरळ होती. ती मी ओळखत होते. पहिल्या आठवड्यातली, शेपटीला नख लागलेली. रोज पाणी बदलताना ती माझ्या बादलीवर डोकं आपटायची.

"दोन-तीन दिवस पुरन," बाबा म्हणाले. "मागूर मांसावर चांगली लागते. चाराचा पैसा वाचला." असं म्हणून त्यांनी विळा माझ्याकडं सरकवला.

मी कापायला घेतलं. तुकडे मोठे पडत होते, पानात वाढायला कापतात तसे. आई मांडवाखालून बघत होती. बाबांनी एक गरी उचलली, माझा तुकडा घेऊन तिच्यावर धरून बघितला, परत पाट्यावर ठेवला.

"बारीक काप," ते म्हणाले. "हे जेवनाचं नाई, चाराचं आहे. शंभर कराचे आहेत."